लेकरं सांभाळायला काय अक्कल लागते?

“त्यात काय शिकायचं, मॅडम? लेकरं तर बायाच सांभाळतात.”

हे वाक्य मी जिवतीच्या पहाडावर ऐकलं, राजुऱ्यात ऐकलं, चंद्रपूरच्या वातानुकूलित सभागृहात ऐकलं. एकदा तर बालविकासावरच्याच कार्यशाळेत, जेवणाच्या रांगेत, हातात गुलाबजामाची वाटी धरलेल्या साहेबांच्या तोंडून ऐकलं. बोलणारा बहुतेक वेळा बाप्या असतो. स्वतःचं लेकरू त्याने एक अख्खा दिवस एकट्याने सांभाळलेलं नसतं. तरी या कामाला अक्कल किती लागते, याचा त्याचा हिशेब पक्का असतो.

हा हिशेब अडाणीपणातून आलेला नाही, हे आधी समजून घ्या. त्यात फार हुशारी आहे. बाईला हे काम जन्मतःच येतं असं एकदा ठरवून टाकलं की तिला शिकवायला नको. शिकवलं नाही की ती कुशल ठरत नाही. कुशल नाही म्हणजे पगार कशाला, मानधन पुरे. मानधनावरची बाई नोकर कशी होईल, ती तर सेविका. आणि सेविकेने काही मागितलं की ती कृतघ्न. एका फुकटच्या वाक्यात सरकारी तिजोरीचे किती कोटी वाचतात बघा.

मी निवृत्त होईपर्यंत पहाडावर जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान वर्ग शिकवले. पहिलीच्या बाईला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. समोर बसलेल्या पोरांची निम्मी शर्यत केव्हाच झालेली असते, आणि ती कुणी पळवूनच घेतलेली नसते.

जिवती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगररांगेवर, तेलंगणाला खेटून हा तालुका आहे. खालची माणसं त्याला नुसतं ‘पहाड’ म्हणतात. कोलाम, गोंड, परधान, बंजारा, आणि मराठवाड्यातल्या दुष्काळाने इकडे ढकललेली कुटुंबं इथे राहतात. कोलामांचे गुडे, म्हणजे वस्त्या, लहान, एकमेकांपासून लांब, पावसाळ्यात तर आणखी लांब. सीमेवरच्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण अशी दोन्ही राज्यं हक्क सांगत आली. तिथे माणसाकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं, गावात दोन भाषांच्या दोन शाळा. अठरा वर्षांच्या माणसावर दोन सरकारं हक्क सांगतात. अठरा महिन्यांच्या माणसावर एकही धड सांगत नाही.

तर अक्कल कुठे लागते, ते बघू.

एका गुड्यावर दीड-दोन वर्षांचं लेकरू आजीच्या मांडीवर बसलेलं. गाल गोल, पावलं टम्म. आजी कौतुकाने सांगत होती, लेकराने बाळसं धरलं. वजनकाट्यावर आकडाही वाईट नव्हता. कुणीही म्हणालं असतं, छान आहे, पुढचं लेकरू आणा. तिथल्या अंगणवाडी सेविकेने त्याची दोन्ही पावलं हातात घेतली, वरच्या बाजूला अंगठा दाबून मनात एक-दोन-तीन मोजलं आणि अंगठा उचलला. दोन्ही पावलांवर खळगा तसाच राहिला. ते बाळसं नव्हतं, अंगात साचलेलं पाणी होतं. तीव्र कुपोषणाचा हा सगळ्यात फसवा प्रकार, कारण काट्यावर पाण्याचंही वजन भरतं. असं लेकरू घरी ठेवायचं नसतं, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं. आजीला घाबरवून सोडायचं नसतं, आणि ‘काही नाही, होईल बरं’ असंही म्हणायचं नसतं. या दोन्हींच्या मधलं नेमकं बोलणं त्या सेविकेला जमलं. मी बघत होते. मला स्वतःला ते लेकरू गुटगुटीतच वाटलं होतं, आणि मी तर दोन पोरांची आई.

आईपण आणि हे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईला आपलं लेकरू कळतं. सेविकेला पंचवीस लेकरं कळावी लागतात, तीही दुसऱ्यांची, वेगवेगळ्या वयांची, आणि त्यातलं कोणतं बिघडायला लागलंय ते आईच्याही आधी कळावं लागतं.

साधं उंची मोजणं घ्या. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, वरचं उभं करून. आडवं मोजताना डोकं फळीला टेकलेलं हवं, गुडघे सरळ, टाच पाटीला लागलेली. मूल रडतं, पाय आखडतं. या कामाला दोन माणसं लागतात, आणि पहाडावरच्या कित्येक मिनी अंगणवाड्यांत वर्षानुवर्षं एकच बाई होती, मदतनीस नाहीच. एकटीने मोजलं की एक-दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे होतात. तेवढ्या फरकाने मूल ‘साधारण’ रकान्यातून ‘खुजं’ रकान्यात जातं, किंवा उलट. दंडाची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली तर धोका तीव्र, साडेबाराच्या खाली मध्यम. पट्टी किती ओढायची, दंडाच्या कोणत्या जागी गुंडाळायची, हे हाताला शिकवावं लागतं. मुंबईत बसून आपण कुपोषणाचे जे आकडे वाचतो आणि चॅनेलवर भांडतो, ते सगळे आकडे अशाच एखाद्या बाईच्या हातून निघालेले असतात. तो हात तयार करण्यावर आपण किती खर्च केला?

मोजमाप तरी दिसतं. बोलणं दिसतही नाही. कोलाम घरातलं तीन वर्षांचं मूल अंगणवाडीत येतं ते कोलामी ऐकत मोठं झालेलं असतं. समोर मराठी. फळ्यावर ‘आंब्यातला आ’. ते गप्प बसतं. वर्षभर गप्प बसतं. वहीत शेरा पडतो: प्रतिसाद कमी. पुढे माझ्या वर्गात आलं की आणखी कुणीतरी शेरा मारतो: मंद. या पोरांना मी माळावर, झाडावर, ओढ्यात पाहिलंय, पाखरांच्या आवाजावरून झाड सांगणारी पोरं ही. ती मंद नव्हती, त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. शिकलेली बाई काय करते? आधी आजीला बोलावून आणते, तिच्याकडून दोन गाणी घेते, अंगणातल्या वस्तूंची नावं पोरांच्या भाषेत विचारते, चिंचोके मांडून मोजायला लावते, आणि मराठी हळूच आणते. हे कुणाच्या उपजत मायेतून येत नाही. हे शास्त्र आहे, आणि गंमत म्हणजे ते आपल्याच राज्यात तयार झालं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं आपण शिक्षक दिनाला भाषणात घेतो. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारल्यांची पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. मॉण्टेसरीची महागडी साधनं परवडत नाहीत म्हटल्यावर शंख-शिंपले, बिया, पानं, गोटे यांची साधनं केली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. पण तिथे नुसतं अंगण नव्हतं. या दोघी बायांनी सगळ्यात जास्त घाम गाळला तो बालशिक्षिका घडवण्यात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, महाराष्ट्रात धारणी आणि धारावी इथे. नाव घेतलं अंगणवाडी. अंगण घेतलं, वाडी घेतली, आणि बाईला घडवण्याचं काम तेवढं कोसबाडलाच ठेवून आले.

आता काही जण मला गडचिरोलीचं उदाहरण फेकून मारतील. मारा. मला तेच हवंय.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या कमी शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. नवजात बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, अंगावरचं दूध नीट पाजवणं, जन्मताच श्वास अडकला तर तो सुरू करणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं त्या घरी जाऊन करू लागल्या. ३९ गावांतलं हे काम, आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. पुढे २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवा देशभर आशा कार्यकर्त्यांच्या हातात गेली. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून जगाला मिळालेली ही गोष्ट आहे.

तिचा अर्थ आपल्या राज्यकर्त्यांनी काय काढला? “बघा, कमी शिकलेली बाईसुद्धा हे करू शकते, म्हणजे काम सोपं आहे.” वा रे वाचन! गडचिरोलीने नेमकं उलटं दाखवलं होतं. काम इतकं अवघड की डॉक्टरांनी स्वतः बसून टप्प्याटप्प्याने शिकवलं, दर पंधरवड्याला पर्यवेक्षक गावात जाऊन तपासत होते, प्रत्येक बाळाची नोंद पडताळली जात होती, चुकलं तिथे पुन्हा शिकवलं जात होतं. कमी शिकलेली बाई बाळाला वाचवते, कारण तिच्यामागे एवढा डोलारा उभा केलेला असतो. आपण डोलारा काढून टाकला, बाई तेवढी ठेवली आणि यश कॉपी झालं म्हणून टाळ्या पिटल्या.

प्रशिक्षण होतच नाही असं मी म्हणत नाही. होतं. ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम केंद्राने मे २०२३ मध्ये सुरू केला, आणि त्यात सेविकेला तीन दिवस शिकवतात. तीन दिवसांत मेंदूची वाढ, खेळातून शिक्षण, दिव्यांग मुलांची ओळख, पोषण, सगळं. शेवटच्या दिवशी फोटो. नवं शैक्षणिक धोरण २०२० साली सांगून बसलंय की बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम द्या, कमी शिकलेलीला वर्षाची पदविका. हेच धोरण म्हणतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते. म्हणजे सरकारला माहीत आहे. लिहून ठेवलंय, छापलंय, भाषणात वापरलंय. सहा महिने ते तीन दिवस, एवढाच काय तो फरक.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्याला प्रशिक्षणाचं वावडं असतं तर मी गप्प बसले असते. इथे वन अकादमी आहे. चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, देखणं आहे, पाहुणे आले की दाखवायला नेतात. सैनिक शाळा आहे, तिथे सहावीपासून पोरं घडवतात. झाड राखणाऱ्याला शिकवायला हवं हे पटतं, बांबू चिरणाऱ्याला शिकवायला हवं हे पटतं. लेकरू राखणाऱ्या बाईसाठी तसं एक केंद्र जिवतीत काढा म्हटलं, की मघाचं वाक्य येतं आणि गुलाबजाम येतात.

आता पैशाचं. केंद्राने ठरवलेलं सेविकेचं मानधन ४,५०० रुपये, मदतनिसाचं २,२५०. हा आकडा ऑक्टोबर २०१८ चा आहे. त्यानंतर गॅस, तेल, डाळ, बसचं तिकीट सगळं वाढलं, हा आकडा जागचा हलला नाही. राज्याने वरची भर घातली, पण आपणहून कधी घातली? डिसेंबर २०२३ पासून बाया ५२ दिवस संपावर बसल्या, त्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा गेल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभा निवडणूक उंबरठ्यावर असताना, १३,००० आणि कामगिरीवर २,००० पर्यंत प्रोत्साहन असं जाहीर झालं. त्याआधी मार्च २०१८ मध्ये याच बायांना राज्याने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा, लावला होता, विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा तो स्थगित केला. जरा विचार करा. मेस्मा लावायला सेवा अत्यावश्यक. पगार द्यायला मात्र ती मानद. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं की या बाया शासकीय पदावर नाहीत, आणि २०२२ साली सांगितलं की त्यांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी. म्हणजे आयुष्यभर नोकर नव्हे, आणि निघताना थोडीशी नोकर.

मुलाच्या ताटाचंही ऐका. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाच्या पूरक आहारासाठी केंद्राचा दर दिवसाला ८ रुपये, २०१७ साली ठरलेला. २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात तो वाढवू म्हणाले. देशभरच्या अंगणवाड्या आणि पोषण यांसाठी केंद्राने त्या वर्षी ठेवले २१,९६० कोटी. त्याच वर्षी महाराष्ट्राने एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले. बायांच्या खात्यात दीड हजार पडतात याबद्दल माझी तक्रार नाही, पडावेत, गरिबाच्या घरी दीड हजाराची किंमत मला माहीत आहे. पण त्या योजनेचे फॉर्म गावोगाव कुणी भरले? याच सेविकांनी. त्या कामाला लावताना कुणीही म्हणालं नाही की बाईला जन्मतः फॉर्म भरता येतो. तिथे लगेच सूचना आल्या, पुस्तिका आली, प्रति फॉर्म ५० रुपयांचं आश्वासनही आलं. फॉर्मची किंमत सरकारला कळते.

मोबाइलचंही तेच. पोषण ट्रॅकर ॲपवर नोंद करा, फोटो टाका, आता घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा ओळखवून घ्या. पहाडावर कित्येक गुड्यांत रेंज येत नाही. सेविका वर टेकाडावर जाते, हात उंच करते, थांबते, परत खाली येते. खाली पोरांना तोवर कोण बघतं, हा रकाना ॲपमध्ये नाही. सरकारचं लक्ष मुलावर नाही, मुलाच्या नोंदीवर आहे.

तामिळनाडूत अर्थशास्त्रज्ञांनी ६४० अंगणवाड्यांमध्ये एक प्रयोग केला. काही केंद्रांत फक्त मुलांना शिकवण्यासाठी अर्ध्या वेळेची एक जादा बाई दिली, आधीचीला पोषणाकडे लक्ष द्यायला मोकळं केलं. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणित सुधारलं, खुजेपणा कमी झाला. खर्चाच्या तुलनेत फायदा तेरा ते एकवीस पट निघाला, असा त्यांचा हिशेब. एक जादा बाई. आमच्याकडे मिनी अंगणवाडीत दुसरी बाई द्यायला आंदोलनं करावी लागली.

हे बहुतेक तीन वर्षांच्या वरच्या मुलांचं झालं. खरी बोंब त्याच्या खाली आहे.

तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत बसत नाही. त्याला आहाराचं पाकीट मिळतं, महिन्याला वजन होतं, बस्स. आणि पहाडावरची आई घरी बसत नाही. कापूस वेचायला दिवस उजाडताच जाते. उन्हाळ्यात मोह, मग तेंदूपत्ता, त्यासाठी पहाटे अंधारातच जंगलात. हिवाळ्यानंतर कित्येक कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात उतरतात. लहान लेकरू एक तर सोबत जातं, धुऱ्यावरच्या झाडाला झोळीत टांगलेलं, मिरचीच्या खाटात ठसकत. नाही तर घरी राहतं, बहिणीजवळ.

ही बहीण माझ्या वर्गातली असायची. कडेवर भाऊ घेऊन दुसरीत बसायची. भाऊ रडला की बाहेर जायची, आणि थोड्या दिवसांनी आत यायचीच बंद व्हायची. वरून तपासणीला आलेले साहेब मला विचारायचे, ही गळती का? गळती? ती पोर त्या वेळी गुड्यावरचं एकमेव पाळणाघर चालवत होती. वय आठ, प्रशिक्षण शून्य, मानधन शून्य, सुट्टी नाही. सात-आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून किती वेळा आणि किती घट्ट भरवायचं, हे तिला कुठून माहीत असणार? ती स्वतः उपाशी असायची. ती पाणी पाजायची, कुरमुरे द्यायची, थोपटायची. दूध सोडवण्याच्या आणि वरचं अन्न सुरू करण्याच्या त्या दीड वर्षात मूल खंगतं, त्याची बरीचशी कहाणी एवढीच आहे. आपल्या पोषणविषयक अहवालांत या आठ वर्षांच्या कर्मचाऱ्याचा उल्लेख सापडत नाही.

हा प्रश्न कुणाला सुचलाच नाही असंही नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने आदिवासी पाड्यांवर सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ चालवून दाखवली. आई कामाला, मूल फुलवारीत, दिवसातून अनेकदा गरम जेवण, सांभाळणाऱ्या बाईला शिकवलेलं. केंद्राची ‘पाळणा’ योजना कागदावर आहे, त्यात देशभर १७,००० अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं ठरलं होतं. देशात अंगणवाड्या आहेत चौदा लाखांच्या घरात. भागाकार तुम्हीच करा. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. त्यांच्यासारख्या जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन आली, घरं, रस्ते, टॉवर, अंगणवाडीच्या इमारतीही आल्या. इमारतीत दिवसभर कोण थांबणार आणि तिला काय येत असणार, हे विचारायला टेंडर निघत नाही.

आणि कायदा? रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात तरतूद होती: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची. कोणती? कामावर आलेल्या त्याच बायांपैकी एक. कुठलीही. गवंड्याच्या जागी ‘आलेल्या पुरुषांपैकी कुणीही एक’ असं लिहिलं असतं तर बंधारा पहिल्याच पावसात वाहून गेला असता. संविधानाचं बघा: सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क, आणि सहाच्या खालच्यासाठी अनुच्छेद ४५ मध्ये राज्य ‘प्रयत्न करील’. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार ‘करू शकेल’. करू शकेल! मी निवृत्त झाले, अजून करू शकते आहे.

शहरातल्या वाचकांनी फार हळहळू नये, त्यांच्याकडेही आनंदच आहे. नर्सरीची फी भरताना भिंतीवरचे रंग बघतात, गाडी वातानुकूलित आहे का विचारतात. लेकराजवळ दिवसभर बसणारी ताई काय शिकलीय, तिला महिन्याला किती मिळतात, हे कितीजण विचारतात? २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं चित्रण सगळ्या देशाने पाहिलं. मग मागणी काय झाली? सीसीटीव्ही लावा. माणूस घडवण्यापेक्षा कॅमेरा स्वस्त पडतो, हे पहाड आणि नवी मुंबई यांचं एकमत आहे.

पैसा नाही, हे मात्र मला सांगू नका. चंद्रपूर हा कोळशाचा आणि सिमेंटचा जिल्हा आहे. माणिकगडच्या डोंगरातला चुनखडक खाली गडचांदूरच्या कारखान्यांकडे जातो. २०१५ च्या कायद्याने खाणीच्या रॉयल्टीवर वेगळी आकारलेली रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होते, आणि आमचं प्रतिष्ठान राज्यातल्या श्रीमंतांपैकी आहे. त्याच्या नियमांत महिला आणि बालकल्याण हे उच्च प्राधान्याचं क्षेत्र म्हणून लिहिलंय. माझा ढोबळ हिशेब सांगते. पंधरा लेकरांचं दिवसभराचं पाळणाघर, दोन शिकलेल्या बाया प्रत्येकी पंधरा हजारांवर, मुलामागे रोज तीस रुपयांचं गरम जेवण. वर्षाला पाच लाखांच्या आसपास. एवढ्या पैशात पहाडावर एक किलोमीटर डांबरी रस्ता होत नाही. आणि रस्ता दोन पावसाळ्यांत उखडतो, तरी त्याला आपण गुंतवणूक म्हणतो. लेकराच्या पोटावर आणि डोक्यावर गेलेला पैसा तेवढा ‘कल्याणकारी खर्च’.

शेवटी पहाडावरच्या माणसांना, आणि मुख्यतः बायांना, एक सांगणं आहे. साहेबांच्या भरवशावर बसू नका. पेसा, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या स्वशासन कायद्यातल्या, गावांच्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. पुढच्या ग्रामसभेत सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि प्रवेशद्वार यांच्या आधी, यादीत पहिल्या क्रमांकावर पाळणाघर लिहायला लावा. त्याच ठरावात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे मागणी करा: जिवतीतच सहा महिन्यांचं निवासी प्रशिक्षण, कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्या बायांना प्रवेशात पहिला मान, शिकण्याच्या काळात विद्यावेतन, आणि शिकून आल्यावर पगार. मानधन हा शब्द ठरावात येऊ देऊ नका. ग्रामसेवक म्हणेल, एवढं कशाला, गावातली कोणतीही बाई बसवू. त्याला त्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच गुड्यावरची पंधरा लेकरं सांभाळायला द्या, आणि सही संध्याकाळी घ्या.